बेस वाजवणारा गेला

सकाळी दुकान उघडून पाच एचपीची जळालेली मोटार खोलून बसलो होतो, हात कोपरापर्यंत काळे, तेवढ्यात फोन वाजला. आमचा मास्तर होता. हा माझा शाळेपासूनचा मित्र, गणित शिकवतो आणि एरवी बायकोशीसुद्धा पाढे म्हटल्यासारखा कोरडा बोलतो. त्या दिवशी त्याला धड बोलताच येईना.

"आपला गेला रे," तो म्हणाला.

आता कळंबमध्ये 'आपला गेला' म्हटलं की कोण म्हणून समजायचं? सोयरे आपले, भाऊबंद आपले, गिऱ्हाईकंसुद्धा आपलीच. मी विचारलं, "आपला म्हंजी कोण? आन माती कधी हाय?" आमच्याकडं माणूस गेल्याचं कळलं की आधी मातीची वेळ विचारतात, रडणं-बिडणं मागून. मी फोन खांद्यात दाबून हात पुसायलाही लागलो होतो.

"आरं आपला! दाढीवाला! बेसवाला!"

मी हात पुसायचा थांबलो. मातीला जाणं शक्य नव्हतं, माणूस सातासमुद्रापलीकडचा. नाहीतर आम्ही एसटी बदलत बदलत गेलो असतो.

त्याचं नाव मी इथं लिहीत नाही, आणि त्याचं कारण म्हणजे लाज. तीस वर्षं भक्ती करून आम्हा तिघा मित्रांना ते एकसारखं उच्चारता आलेलं नाही. मास्तर एक म्हणतो, मी दुसरं म्हणतो, आणि आमचा तिसरा, ज्याचं बी-बियाणांचं दुकान आहे, तो तर मधलं अक्षर गिळूनच टाकतो. म्हणून आमच्यात तो दाढीवाला. परदेशातल्या एका रॉक बँडमध्ये तो बेस गिटार वाजवायचा. बेस म्हणजे चार जाड तारांची गिटार, जिचा आवाज खालून येतो, पोटात घुमल्यासारखा. जगातल्या कितीतरी वाजवणाऱ्यांनी त्याचं बघून बेस हातात धरला, असं तो गेल्यावर सगळे लिहायला लागले. आम्ही ते आधीपासून सांगत होतो, पण कळंबात ऐकतंय कोण?

आम्ही भक्त कसे झालो तेही सांगून टाकतो, कारण त्यात आमचं कर्तृत्व काडीचं नाही. बारावीच्या सुट्टीत मास्तरचा मावसभाऊ पुण्याहून आला आणि जाताना एक कॅसेट विसरून गेला. माझ्या चुलत्याच्या, जळालेल्या मोटारींत नवी तांब्याची तार भरायच्या दुकानात (तेच आता माझं) एक टेप होता. त्याचा बारीक आवाजाचा स्पीकर जळालेला, मोठा तेवढा चालू. त्यामुळं त्याच्यावर काहीही लावा, नुसतं खालचं-खालचं ऐकू यायचं. भजनाची कॅसेट लावली तर बुवा गायब आणि पखवाज हजर. त्या टेपवर आम्ही ती कॅसेट लावली आणि तिघंही स्पीकरला कान लावून बसलो. दुम्, दु-दुम्, दुम्. आम्हाला वाटलं, त्या बँडमध्ये एकच माणूस आहे आणि तो हे एवढंच वाजवतो. आम्ही वेडे झालो. पुढं मोबाईल आले, तेव्हा तेच गाणं पहिल्यांदा पूर्ण ऐकलं, तर त्यात एक जण सुरुवातीपासून शेवटपर्यंत बोंबलत होता. बियाणेवाला चिडून म्हणाला, "हे कोण मधी घुसलंय?" तो गायक आम्हाला आजही उपराच वाटतो.

मोबाईलच्या कितीतरी आधी आम्हीही बँड काढला. सोलापूरकडचा एक ऑर्केस्ट्रा बंद पडत होता, त्यांच्याकडून जुनी गिटार मास्तरनं घेतली, ड्रम बियाणेवाल्यानं आणि बेस मी. घरी आणून कौतुकानं दादांना दाखवला. दादा म्हणजे माझे वडील. त्यांनी तारा मोजल्या, मास्तरच्या गिटारीच्या मोजल्या आणि म्हणाले, "तुला दोन तारा कमी दिल्यात. फसवलं तुला. आन सोताच्या दुकानात तांब्याच्या तारंचा ढीग पडलाय तुज्या."

दादा एसटीत ड्रायव्हर होते. कळंबहून धाराशिव, बार्शी, लातूर, सगळीकडं त्यांनी गाडी नेली. सीटवर बसले की चपला मागं सरकवायचे आणि अनवाणी पायानं गाडी चालवायचे. म्हणायचे, गाडीला काय होतंय ते कानाच्या आधी पायाला कळतं. बेअरिंगची कुरकुर, कुठला नट सैल झाला, सगळं त्यांना तळपायातून समजायचं. एकदा लहानपणी मी त्यांच्या गाडीत होतो. मधेच गाडी बाजूला घेऊन ते खाली उतरले, मागच्या चाकाजवळ गेले आणि म्हणाले, "मला वाटलंच." काय वाटलं ते मला काही दिसलं नाही, पण कंडक्टरनं हात जोडले.

आणि आता त्या शब्दाबद्दल सांगायला हवं, कारण सगळा घोळ त्याचाच आहे. आमच्याकडं बेस म्हणजे छान, झकास. 'लई बेस झालं', 'चहा बेस हाय', असं. दादांच्या तोंडातून हा शब्द निघायला मारामार. नवं इंजिन बसवलेल्या गाडीला तो मिळाल्याचं मला आठवतं. माझ्या बायकोच्या पुरणपोळीला लग्नानंतर चौथ्या होळीला मिळाला, त्या दिवशी तिनं माहेरी फोन केला. मला कधीच नाही. दहावी पास झालो तेव्हा "बरं" म्हणाले. दुकान माझ्या नावावर झालं तेव्हा "बघ आता" म्हणाले.

असा माणूस, आणि त्याचा मुलगा गावभर सांगत फिरतोय, 'मी बेस वाजवतो'!

दादांना वाटलं पोरगं स्वतःची लाल करतंय. मला हे कळायला उशीर झाला. कळलं ते थेट मुलगी बघायला गेलो तेव्हा, परांडा तालुक्यात, सोनारीच्या अलीकडच्या एका गावात. पोहे झाले, मुलीच्या मामांनी विचारलं, "पोराला काय नाद-बिद?" मी छाती काढून म्हणालो, "मी बेस वाजवतो." दादांनी कप बशीत ठेवला आणि भर बैठकीत म्हणाले, "पाव्हणं, बेस वाजवतो का कसा ते ऐकणारानं सांगायचं असतं. पोराच्या बोलण्यावर जाऊ नगा. आमी ऐकलंय." दाराआडून मुलगी फिस्सकन हसली. ती मुलगी आज माझी बायको आहे आणि अजूनही भाजी आणायला विसरलो की म्हणते, "आले बघा बेस वाजवणारे."

मी समजावलं नाही असं नाही. "दादा, बेस हे त्या वाद्याचं नाव हाय," असं मी निदान दहादा सांगितलं असेल. "व्हय का?" ते म्हणायचे. "मंग माझं नाव झकास."

एकदा गणपतीत आमचा कार्यक्रम होता, तेव्हा ते मुद्दाम इस्त्रीचा शर्ट घालून, बूट घालून आले. मातीत खुर्च्या मांडल्या होत्या, पहिल्या ओळीत बसले. मी जीव तोडून वाजवला. इतका चांगला मी त्याआधी कधी वाजवला नव्हता, खरं सांगतो. घरी आल्यावर मी त्यांच्यापुढं घुटमळत राहिलो. ते बूट काढत म्हणाले, "मास्तर वाजवत व्हता. ते दुसरं बडवत व्हतं. तू नुसता हुबा व्हतास." मी म्हटलं, "दादा, मी पूर्ण वेळ वाजवत होतो." ते म्हणाले, "मला काय ऐकू आलं न्हाय." तेव्हा त्यांचे कान ठणठणीत होते. त्या दिवशी मी मोरीत जाऊन तोंड धुण्याच्या निमित्तानं रडलो, चोवीस वर्षांचा घोडा. मला लोकांच्या टाळ्या नको होत्या. मला दादांचा तो एक शब्द हवा होता, आणि तो मिळावा म्हणून मी जे वाजवत होतो त्याचंच नाव तो शब्द निघावं, ही काय थट्टा!

पुढं बँड बंद पडला. मास्तरला नोकरी, बियाणेवाल्याला दुकान, मला मोटारी. दादांनी ऐंशी ओलांडली आणि वयानं त्यांचे कान गेले. आता कानाशी ओरडावं तेव्हा निम्मं पोचतं. बेस गिटार धान्याच्या कोठीमागं उभी राहिली आणि मी मनातल्या मनात तो विषय मिटवून टाकला.

तर असा दाढीवाला गेला, आणि आम्ही तिघं माझ्या दुकानात डोकं धरून बसलो. बियाणेवाला म्हणाला, "श्रद्धांजली तर झाली पायजे. रविवारी सकाळी माज्या गोडाऊनमधी. आन चौकात फ्लेक्स." मजकूर मास्तरनं लिहिला, नावावर एकमत होईना म्हणून ते गाळलं, शुद्धलेखन दोनदा तपासलं: 'ज्येष्ठ बेस गिटारवादक यांना भावपूर्ण श्रद्धांजली', खाली वेळ, ठिकाण आणि 'शोकाकुल' म्हणून आम्ही तिघं, माझ्या फोन नंबरासकट.

शुक्रवारी फ्लेक्स लागला. बघायला गेलो तर वर लिहिलेलं: 'कै. ज्येष्ठ उत्तम गिटारवादक'.

मास्तर तसाच फ्लेक्सवाल्याकडं गेला. तो शांतपणे म्हणाला, "सर, दुःखाच्या फ्लेक्सवर 'बेस' बरं दिसत न्हाय. खेड्यातली भाषा वाटते. म्या शुद्ध करून टाकलं."

"आरं, उत्तम गिटार नावाचं वाद्य हाय का जगात?"

"मंग बेस गिटार नावाचं हाय का?" फ्लेक्सवाल्यानं विचारलं. मास्तर, जो पोरांना भूमिती शिकवतो, तो आल्या पावली परत फिरला.

फोटोचं तर विचारूच नका. गिटार चौकटीत बसेना म्हणून त्यानं ती कापली होती. राहिला तो लांब केसांचा, छातीपर्यंत दाढीचा, डोळे मिटलेला माणूस आणि त्याच्या डोक्यामागं सोनेरी वलय. "दाढीवाल्यांच्या फाईलमधी ते असतंच," फ्लेक्सवाला म्हणाला. संध्याकाळपर्यंत चौकातून जाणारे लोक चपला काढून नमस्कार करायला लागले. कुणीतरी झेंडूचा हारही घातला. तेरहून बाजाराला आलेल्या एका म्हाताऱ्या बाईनं बियाणेवाल्याला विचारलं, "कोन्या मठाचे म्हाराज हुते, बाबा?" तो म्हणाला, "लई लांबच्या." बाईनं पदर डोळ्याला लावला.

मला फोनवर फोन. उत्तरकार्य कुठं आहे? म्हाराजांच्या मागं गादीवर कोण बसणार? जेवायला किती वाजता यायचं? बायको म्हणाली, "आवो, सरळ सांगा की परदेशातला माणूस हाय म्हणून." मी एकाला तसं सांगितलं. तो म्हणाला, "अरेरे! आन बॉडी कधी येणार?"

रविवारी गोडाऊन भरलं. आमचा अंदाज होता आम्ही तिघं आणि फार तर मास्तरची दोन-चार माणसं, पण साठ-सत्तर लोक आले, निम्मे टोपी काखेत धरून. खताच्या पोत्यांना ओल लागू नये म्हणून त्यांच्याखाली लाकडी फळ्या टाकलेल्या असतात. बियाणेवाल्यानं पोती हलवून सगळीकडं त्या फळ्याच पसरल्या होत्या आणि त्यावर सतरंजी. आमची वाद्यं आणि माझ्या बेसचा मोठा स्पीकर एका टोकाला, तोही फळ्यांवरच. शोकसभा, म्हणून चपला बाहेर.

आणि दादा आले. मी बोलावलंच नव्हतं. काठी टेकत, पांढरं धोतर नेसून आले. मी धावत गेलो, कानाशी ओरडलो, "दादा, तुम्ही कशाला आलात? तुम्हाला ऐकू येणार न्हाय."

"तुजं माणूस गेलंय," ते म्हणाले. "ऐकायला कशाला यायचं? बसायला यायचं."

त्यांना गुडघ्यामुळं खाली बसता येत नाही, म्हणून पुढं, सतरंजी संपते तिथं, एक खुर्ची टाकली. चप्पल बाहेर काढून ते बसले आणि दोन्ही अनवाणी पाय फळीवर टेकले.

आमच्या तालुक्यात एक गृहस्थ आहेत, ते प्रत्येक शोकसभेत बोलतात. बोलावलं नाही तरी बोलतात. ते उठले. "त्यांच्या जाण्यानं न भरून निघणारी पोकळी निर्माण झालेली आहे," ते म्हणाले. "अत्यंत साधी राहणी. गोरगरिबांचा कैवारी. आत्ता दिवाळीत मला बसस्टँडवर भेटले, म्हणाले, तब्येतीला जपा."

"कुठल्या बसस्टँडवर?" मास्तर माझ्या कानात म्हणाला. बियाणेवाला ड्रममागं खाली वाकला आणि बराच वेळ वर आला नाही. लोकांना वाटलं, तो रडतोय.

मग आम्ही वाजवायला उभे राहिलो. ते त्याच कॅसेटमधलं पहिलं गाणं. पंचवीस वर्षांनी एकत्र, बोटं जाड झालेली. मास्तरनं पहिलाच हात मारला आणि त्याच्या गिटारीतून काहीच येईना. पिन खेचली, खुपसली, वायर हलवली, काही नाही. तो भांबावून माझ्याकडं बघत राहिला. मी थांबलो नाही. बियाणेवाला हळूच ताल धरून होता, तेवढंच. दुम्, दु-दुम्, दुम्. गोडाऊनमध्ये फक्त ते खालचं-खालचं. जळक्या स्पीकरच्या टेपवर आम्ही जे ऐकलं होतं अगदी तेच, आणि मास्तर बंद गिटार गळ्यात घेऊन खरोखर रडायला लागला.

लोक माना खाली घालून बसले होते. काहींनी हात जोडलेले.

तेवढ्यात दादांनी हात वर केला, चौकात गाडी थांबवायला करतात तसा. आम्ही थांबलो. ज्यांना ऐकू येत नाही ते मोठ्यानं बोलतात, दादा तर गोडाऊन हादरेल असे बोलले.

"हे खालून कोण वाजवतंय?"

मी जवळ गेलो. "कुठून दादा?"

त्यांनी काठीनं स्वतःच्या पायाकडं दाखवलं. "हितनं. फळीतनं. पायात येतंय. इंजिन लागल्यावाणी." मग पाय उचलून बघितले, परत टेकले. "कोण हाय?"

सगळ्या गोडाऊननं माझ्याकडं बोट दाखवलं.

"तू?"

"व्हय, दादा. मीच."

ते माझ्याकडं बघत राहिले. मग गिटारीकडं, मग चार तारांकडं. "तवा गणपतीत बी हेच?"

"हेच. ह्यालाच बेस म्हणत्यात."

"म्हंजी खरंच नाव हाय ते?"

"नाव हाय, दादा! तीस वर्सं सांगतोय की!"

त्यांनी पुन्हा पायाखालची फळी बघितली. दुसऱ्या कुणाची श्रद्धांजली आहे हे मी क्षणभर विसरलोच, दाढीवाल्यानं मला माफ करावं. शेवटी ते म्हणाले, "तवा पायात बूट व्हते माज्या." आणि काठी आपटली. "वाजव. थांबू नगंस."

मी वाजवलं. दादा डोळे मिटून बसले होते आणि त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा फळीवर हलत होता. तो माणूस आयुष्यात कधी कुठल्या गाण्यावर हलला नव्हता.

दुपारी घरी आलो तर शेजारच्या काकू पितळी डबा घेऊन दारात उभ्या. कुणी गेलं की त्या घरी चूल पेटवत नाहीत, शेजारी पिठलं-भाकरी आणून देतात. फ्लेक्सवर माझं नाव बघून त्यांनी केलं होतं. मी खरं सांगायला तोंड उघडलं, तर बायकोनं मला कोपरानं ढोसलं आणि डबा घेतला. "काकू, लई जवळचं माणूस हुतं," ती म्हणाली. यात खोटं काही नव्हतं.

जेवायला बसलो. दादा, मी, बायको वाढायला. सकाळपासून ते गोडाऊनबद्दल अवाक्षर बोलले नव्हते. मीही विचारलं नाही. विचारून मिळवायची गोष्टच नव्हती ती. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला, सावकाश चावला. मग मान हलवून म्हणाले, "बेस."

बायकोचा हात थांबला. पुरणपोळीला चार वर्षं वाट बघितलेली बाई ती. जरा रागानंच ती त्यांच्या कानाशी ओरडली, "पिठलं व्हय, मामा?"

"पिठल्यात मीठ न्हाय," दादा म्हणाले, आणि काठीच्या टोकानं माझ्या गुडघ्याला टोचलं. "ह्याचं म्हनतोय म्या."